अकरा : सात पायऱ्यांची उमेदवारी

गाऱ्हाणे छापून घ्यावे ही कल्पना गोकुळदास गावसाची स्वतःची होती, आणि त्याच्या बहुतेक स्वतःच्या कल्पनांप्रमाणे तिच्यात थाट पुष्कळ होता व विचार बेताचा.

गाऱ्हाणे ही बोलायची गोष्ट आहे. कार्याला निघण्यापूर्वी घराण्यातला वडील पुरुष राखणदाराच्या दगडापुढे नारळ-विडा ठेवून उभा राहतो, कार्य काय ते आपल्या शब्दांत देवाला सांगतो, आणि त्याने श्वास घेण्यासाठी वाक्य थांबवले की जमलेली मंडळी एका आवाजात "व्हय म्हाराजा!" असा रुकार देतात. डिचोलीच्या वरच्या वाड्यातल्या गावसांच्या सहा पिढ्या असेच करीत आल्या होत्या. फिरंगी असताना केले, फिरंगी गेल्यावर केले; मध्ये कागद आणावा असे कुणाला सुचले नाही. गोकुळदासाने म्हापशाहून तीनशे गुलाबी प्रती छापून आणल्या. मथळ्याशी राखणदाराचे नाव बारीक ठशात होते, उमेदवाराचे जाड ठशात, आणि दोहोंच्या मध्ये उमेदवाराचे छायाचित्र अशा मुद्रेचे होते की गाऱ्हाणे कोणी कोणापुढे घालायचे याचा वाचणाऱ्याला क्षणभर संभ्रम पडावा.

त्याच्या मनातला बेत मात्र साफ होता. नगरपालिकेच्या निवडणुकीत सगळेच उमेदवार मतदारांच्या दारी जाऊन 'होय' मिळवतात. पण दारातला होय हा चहाइतकाच वेळ गरम राहतो. देवासमोर, ध्वनिक्षेपकावरून, सबंध वाड्याने एकमुखाने दिलेला होय निराळा. जो माणूस सोमवारी राखणदारापुढे 'व्हय' म्हणाला, तो मतपेटीपुढे 'ना' कसा म्हणेल? म्हणून त्याने घरचे गाऱ्हाणे वाड्याचे केले, भिकाजी ड्रायव्हरकडून पिंपळावर कर्णा बांधून घेतला, आणि कर्ण्याचे तोंड मुद्दाम खाली पेठेकडे वळवले, म्हणजे जे येणार नाहीत त्यांनाही ऐकू जावे.

अडचण एकच होती. गाऱ्हाणे घालण्याचा मान पांडुरंगकाकांचा होता, आणि पांडुरंगकाका सहा वर्षे गोकुळदासाशी बोलत नव्हते.

काका म्हणजे गोकुळदासाचे सख्खे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर, मराठी शाळेतून निवृत्त झाले तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. राखणदारापासून पेठेकडे उतरणारी पायवाट गावसांच्या पणजोबांनी वाड्याला सोडलेली. खाणीचा माल वाहणारे चार ट्रक गोकुळदासाच्या दारी उभे राहू लागले तेव्हा त्याने त्या वाटेवर आडवी चिऱ्यांची भिंत घातली, आणि सात मिनिटांवरची पेठ वाड्याला अर्ध्या तासावर गेली. काका एकदाच येऊन म्हणाले होते, "ही वाट तुझी नाही." गोकुळदास म्हणाला होता, "कागद दाखवा." कागद नव्हता. काका परत गेले ते गेलेच.

तथापि नारळ-विडा ठेवून गाऱ्हाण्याचे आमंत्रण दिले तर ते वैऱ्यालाही नाकारता येत नाही. गोकुळदासाने शनिवारी नारळ ठेवला. काकांनी तो उचलून कानाशी हलवून पाहिला, आत पाणी आहे याची खात्री केली आणि म्हणाले, "येईन."

"हो कागद आसा, काका. सगळें लिवलेलें आसा. तुमी फकत वाचचें."

"वाचता मला येते," काका म्हणाले. गोकुळदासाने हा होकार मानला. राजकारणात पडू पाहणाऱ्या माणसाला प्रत्येक वाक्य होकारासारखे ऐकू येते.

सोमवारी, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी आठ वाजता वरचा वाडा पिंपळाखाली जमला. गोकुळदासाचा धाकटा भाऊ शंभू मायक्रोफोन धरून काकांच्या हनुवटीशी उभा होता. काकांनी गुलाबी कागद घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, त्याची चार पदरी घडी घातली आणि नारळ घरंगळू नये म्हणून ती नारळाखाली सारली. मग डोळे मिटले. एरवी पुस्तकासारखे बोलणारे काका गाऱ्हाणे मात्र वाड्याच्या बोलीत घालीत. देवाशी शाळेतले मराठी बोलणे त्यांना उद्धटपणाचे वाटे.

"हे वाटेवयल्या राखणदारा, आमच्या वाड्याच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज गावसांच्या घराण्यातलो गोकुळदास नांवाचो तुजो लेकरू तुज्या पायांकडे आयलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गोकुळदासाचा होता. तो शंभूच्या खांद्याशी, मायक्रोफोनच्या टप्प्यात उभा होता आणि डोळ्यांनी माणसे मोजीत होता. खालच्या आळीतली सगळी घरे आली होती. सावंतवाडी-दोडामार्गाकडून खाणीच्या कामासाठी आलेली आणि आता मतदार यादीत स्थिरावलेली ड्रायव्हरांची बिऱ्हाडे आली होती. पंच्याऐंशी, शहाऐंशी...

"तेच्या मनांत नगरपालिकेत बसपाचें आसा. गटारां साफ करचीं, दिवे लावचे, लोकांची अडचण दूर करची, अशी तेची इत्सा आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ब्याण्णव. देवकीवहिनीसुद्धा आली होती. ही त्याच्या चुलतभावाची विधवा. भिंतीचा वळसा सर्वांत जास्त तिला पडे आणि त्याचा बोभाटाही सर्वांत जास्त तीच करी. तिचे मत त्याने कधीच सोडून दिले होते. त्र्याण्णव.

"तर जी वाट तुज्या पायांकडसून पेठेंत देंवता, जी आमच्या पणज्यान सगळ्यांक सोडली, आनी जी स वर्सां चिऱ्यांनी आडायल्या, ती वाट पयली मोकळी करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ती मोकळी जायपर्यंत तेच्या पांयाक नगरपालिकेची पायरी लागूंक दिवं नाका म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली, आणि मंडळींचा आवाज खाली बसल्यावर, पिंपळावरच्या कर्ण्यातून पेठेच्या दिशेने, एकट्या गोकुळदासाचा भरघोस आवाज आणखी एकदा गेला : "व्हय म्हाराजा!" कारण माणसे मोजण्याच्या नादात तो अर्ध्या क्षणाने मागे पडला होता.

मग जे काय ऐकले ते त्याच्या कानातून डोक्यात उतरले. पिंपळाखाली कोणी हसले नाही. हसले असते तर त्याला ते बरे वाटले असते.

*

दहा वाजता घराच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, कुटुंबाची बैठक बसली. बोलावणे धाडल्यावर काकाही आले. सहा वर्षांनी त्या उंबऱ्याशी आले आणि सहा वर्षांपूर्वीच्याच कदेलीवर बसले. खुर्चीला या घरात अजून कदेल म्हणत.

"काका, तुमी म्हजो घात केलो," गोकुळदास म्हणाला.

"मी देवाला खरे सांगितले. घात झाला असेल तर तो खऱ्याचा गुण आहे."

"तें कागदार नासलें!"

"वाटही कागदावर नव्हती."

शंभूने तेवढ्यात आवाज खाली आणून, समेटाच्या स्वरात विचारले, "काका, गाराणें परतें घेवंक मेळना? दुसरो नारळ दवरूया. पयलें चुकून जालें म्हणून सांगूया."

"अरे, ती काय दारावरची भाजी आहे, आवडली नाही म्हणून परत करायला? गाऱ्हाणे मी एकट्याने घातलेले नाही. मी सांगितले, शंभर माणसांनी रुकार दिला. त्या शंभरांना पुन्हा जमव आणि 'व्हय' ऐवजी 'ना' म्हणायला सांग. मी येतो."

हा उपाय तर्काला निर्दोष असून निवडणुकीला घातक होता. गोकुळदासाने विषय बदलला. भिंत ही मुळात वाटेवर नाहीच, असे त्याने प्रतिपादले. वाट म्हणतात तो पावसाचे पाणी उतरण्याचा ओहोळ आहे. ओहोळावरून माणसे चालत असली तर तो माणसांचा दोष. शिवाय ट्रक कुठे उभे करायचे? शिवाय चोर. शिवाय, आणि हे त्याने सर्वांत शेवटी व सर्वांत मोठ्याने सांगितले, आज भिंत पाडली तर विरोधक म्हणतील की गोकुळदासाने लोकांची वाट अडवली होती.

"आडायलीच न्हय?" आतून पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या बायकोने, कमलाक्षीने, सहज विचारले.

"आडावप वेगळें, आनी आडायली म्हणून मान्य करप वेगळें!"

देवकीवहिनी इतका वेळ खांबाला टेकून होती. सगळ्यांना वाटले, आता ती तोंड सोडणार. पण ती म्हणाली, "भावोजी, माका विचारशात तर भिंत रावूं दिया."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले.

"आतां पांयांक संवय जाली," ती म्हणाली. "आनी खरें सांगूं? त्या वळशार चार घरां लागतत. चारांय घरांनी बसतां, ह्या भिंतीक गाळी घालतां, च्या पितां, फुडें वतां. वाट जाली जाल्यार सात मिनटांनी पेठेंत पावतलें. मागीर दीसभर करूं कितें?"

अशा रीतीने सहा वर्षांत प्रथमच गोकुळदासाला देवकीवहिनीचा पाठिंबा मिळाला, आणि तो अशा प्रश्नावर की ज्याचा उच्चार प्रचारात करता येणार नाही. काकांचा एक हुकमी साक्षीदार डोळ्यांदेखत फुटला. शंभूला धीर आला. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"दादा, गाराण्यांत कितें म्हटलां तें पळय. पांयाक पायरी लागूंक दिवं नाका. पांयाक! मनीस वर गेल्यार राखणदाराची हरकत ना. पांय सकयल लागूंक फावना, इतलेंच."

"म्हणजे?"

"कदेल. बांबू बांदूया, चार ड्रायव्हर घेवया, आनी तुका कदेलीर बसोवन वर व्हरूया. मिरवणुकीची मिरवणूक, आनी गाराण्याक गाराणें."

"अर्ज सूचकान दिलो तरी चलता मू?" गोकुळदासाने शेवटची चाचपणी केली. सूचक म्हणून शंभूचीच सही होती.

"अर्ज हांव दितलों. पूण अधिकाऱ्यामुखार शपथ तुकाच घेवची पडटली. ती हांव घेवंक लागलों जाल्यार नगरसेवकय हांवच जातलों."

शंभूच्या या वाक्याच्या शेवटी त्याच्या चेहऱ्यावर जी एक पुसट झळाळी आली, ती गोकुळदासाने टिपली आणि ताबडतोब ठरवले की कदेलीवरून का होईना, जायचे ते आपणच.

काका उठले. "राखणदार साधा आहे, गोकुळा. पण खुळा नाही." उंबऱ्यापाशी थांबून ते पुढे म्हणाले, "भिंत किती लांब आहे रे? अठरा पावले? अठरा पावले चुकवण्यासाठी तू आज चार माणसांच्या खांद्यावर बसणार. सरळ चाललास तर त्याहून कमी श्रम आहेत."

कमलाक्षी काकांच्या रिकाम्या कपाला हात लावून उभी होती. तिने नवऱ्याला एकच गोष्ट विचारली. "सकाळीं तुमी व्हय म्हटलां काय ना?"

"सगळ्यांनी म्हटलां."

"सगळ्यांचें हांव विचारना."

"संवयीन म्हटलां! गाराण्याक कोण आयकून व्हय म्हणटा?"

"हांव म्हणटां," कमलाक्षी म्हणाली. तिने कप उचलला, पदर कमरेला खोचला आणि ती मागच्या परसात गेली. तिने कोणाला तरी हाक मारल्याचे गोकुळदासाने ऐकले. आरतीची तयारी करीत असावी, असे समजून तो कोणता सदरा घालावा या प्रश्नाकडे वळला.

*

मिरवणूक दीड वाजता निघाली. कदेलीला दोन बांबू बांधले होते, गादीवर भरजरी शेला होता, आणि त्यावर गोकुळदास हात जोडून बसला होता. पहिली काही मिनिटे त्याला खाली पडण्याची भीती वाटली. नंतर मात्र त्याला असे वाटू लागले की सर्व नगरसेवकांनी असेच जायला हवे. उंचीवरून लोक आटोपशीर दिसतात. त्यांच्या अडचणीही.

आपल्याच भिंतीमुळे त्यालाही ट्रकांच्या रस्त्याने वळसा घालावा लागला. पाळीच्या खाणीकडून येणारे मालाचे ट्रक एकामागून एक जात होते. प्रत्येक ट्रक उमेदवाराला भोंगा वाजवून मान देई आणि जाता जाता तांबड्या धुळीचा एक थर त्याच्यावर ठेवून जाई. पांढरा सदरा घालून निघालेला उमेदवार वाटेतच गेरूच्या रंगाचा झाला. वळशावरच्या चारही घरांतून बाया बाहेर आल्या, आणि त्यांच्याबरोबर आज देवकीवहिनी का नाही, हे गोकुळदासाला तेव्हा सुचले नाही.

नगरपालिकेच्या इमारतीपाशी पोचले तेव्हा सव्वादोन झाले होते. समोर सात पायऱ्या होत्या, वर अर्ज घेण्याची, तीनच्या ठोक्याला बंद होणारी खोली, खोलीवर घड्याळ. बँडवाल्यांनी शेवटचा जोर लावला. आणि पहिल्या पायरीपाशी भिकाजी ड्रायव्हर थांबला. भिकाजी थांबला म्हणून बाकीचे तिघे थांबले.

"चल रे, भिकाजी."

"पात्रांव, जरा खाली ठेवतंव."

त्यांनी कदेल जमिनीवर ठेवली. भिकाजीने टॉवेलने मान पुसली. तो दोडामार्गाकडचा; मालकाला गोव्याच्या चालीने 'पात्रांव' म्हणे, पण बोलायला लागला की शब्दांना वळसे घालीत नसे.

"पात्रांव, तुमची भाकरी खातंय. ट्रक उलटो करूक सांगा, करतंय. पण ह्या आमच्यान जमाचा नाय."

"कित्याक जमचें ना? पांय म्हजे लागचे नात."

"तुमचे नाय लागणत. आमचे लागतले." भिकाजीने आवाज खाली आणला. "सकाळी आमीपण व्हय म्हटलाव, पात्रांव. हेका पायरेर चढूक देव नको, असा आमी देवाक सांगितलाव. आता आमीच चढवलाव, तर देव विचारतलो, अरे, सकाळी काय बोललास? पोराबाळांचो माणूस मी. रात्रंदिवस घाटातसून ट्रक घेऊन जातंय."

गोकुळदासाने इतर तिघांकडे पाहिले. ते तिघे बांबूंकडे पाहत होते. त्याने शंभूकडे पाहिले. शंभू म्हणाला, "दादा, हांव तर मायक धरून आशिल्लों. सगळ्यांत लागीं हांवच आशिल्लों."

"पेठेंतलीं दोन मनशां आपय! जीं पिंपळाकडे नासलीं तीं!"

शंभू गेला. बाजूच्या रिक्षांच्या रांगेत, फुलवाल्यांत, चहाच्या टपरीवर तो हात हलवून हलवून बोलताना दिसला. तो एकटाच परत आला.

"तांणी सगळ्यांनी आयकलां," तो म्हणाला. "कर्ण्याचें तोंड पेठेकडे आशिल्लें. म्हणटात, आमी हांगासूनच व्हय म्हटलें."

बँड थांबला होता. बँडवाल्यांचा व्यवहार सुरांशी असतो, तत्त्वांशी नसतो. पण ट्रंपेटवाल्याने ट्रंपेट खाली ठेवून कानाला हात लावला, म्हणजे त्यानेही ऐकले होते.

गोकुळदास कदेलीवर बसून राहिला. घड्याळात दोन पस्तीस झाले. त्याने मनाशी विचार केला : आपण शिकलेले गृहस्थ आहो. खाणीच्या कचेरीत अठरा वर्षे हेडक्लार्की केली. दगड तो दगड. या सात पायऱ्या सिमेंटच्या आहेत, त्या मागच्याच वर्षी नव्या बांधल्या; राखणदाराला त्या ठाऊकही नसतील. त्याने चप्पल काढली. मग घातली. उजवा पाय पुढे केला आणि पहिल्या पायरीच्या वर, वीतभर उंचीवर, तो धरून ठेवला. चाळीस-पन्नास माणसे त्या पायाकडे पाहत होती. पाय जड नव्हता; पण त्याच्याखाली आपलाच सकाळचा आवाज आहे, सगळे थांबल्यावरही थांबला नाही असा, हे गोकुळदासाला कळत होते. देवाची भीती त्याला बेताचीच होती. आपण आपल्यालाच शाप दिला आणि तोही ध्वनिक्षेपकावरून, हे मात्र सोसवत नव्हते. त्याने पाय मागे घेतला आणि पायरी कशी आहे ते पाहत होतो, अशा अर्थाचे काहीतरी शंभूला सांगितले.

वरून शिपाई डोकावला. "आनी कोण उमेदवार आसा काय? दहा मिनटां उरल्यांत."

तेव्हा गर्दीच्या मागच्या बाजूने, म्हणजे जिकडून मिरवणूक आली त्याच्या नेमक्या उलट दिशेने, कमलाक्षी आली. ती केसांपासून पावलांपर्यंत चिऱ्यांच्या लाल भुकटीने माखली होती. तिच्यामागे देवकीवहिनी होती, तीही तशीच, आणि तिच्या चेहऱ्यावर पेठेत इतक्या लवकर पोचल्याचा गोंधळ स्पष्ट होता. बऱ्याच मागे काका काठी टेकीत, पण सहा वर्षांत कुणी पाहिले नव्हते इतक्या तरतरीत चालीने येत होते.

"चडा वयर," कमलाक्षी म्हणाली. तिला धाप लागली होती. "वाट मोकळी जाली. बेगीन चडा."

गर्दीतून एक हर्षाचा हुंकार उठला. भिकाजीने पटकन बांबू उचलायला हात घातला आणि आता त्याची गरज नाही हे ध्यानात येऊन तो हसला. काकांनी लांबूनच काठी उंच करून पायऱ्यांकडे दाखवली.

गोकुळदास कदेलीवरून उठला. तो एक पाऊल पुढे आला. मग तो वळला.

"मोकळी जाली म्हणजे?"

"म्हणजे जाली. वेळ ना. चडा."

"कोणें केली?"

"धाकू गवंड्याक आपयलो. तेणेंच बांदिल्ली, तेणेंच मोडली. म्हणटा, बांदतना इतली घट कित्याक बांदली म्हणून आज आपणाकच गाळी घाल्यो. देवकीवैनीनय हात लायलो."

"हांवें म्हटलें, पळोवया खरी भिंत कशी आसता ती," देवकीवहिनी म्हणाली. "स वर्सां नुसत्यो गाळी दिल्यो. एक दीस कुदळ मारून पळयली. बरें दिसलें."

"कोणाक विचारून?" गोकुळदासाचा आवाज चढला. सकाळपासून त्याला ज्याच्यावर ओरडता येईल असे कोणी मिळाले नव्हते. "म्हजी भिंत! म्हज्या घरची! कोणाक विचारून मोडली?"

"तुमी व्हय म्हटलें."

"हांवें देवाक म्हटलें, तुका न्हय!"

"दादा, पांच मिनटां," शंभू म्हणाला.

"थांब तूं! ट्रक आतां खंय दवरचे? सांग. चार ट्रक खंय दवरचे?"

"रस्त्यार दवरा," कमलाक्षी म्हणाली. "वर चडा आदीं."

"गोकुळा!" काका येऊन पोचले. "पायरी! पायरी चढ! मग हवे तितके भांड, मी येतो साक्षीला!"

"तुमी मदीं उलोवं नाकात, काका! हें सगळें तुमचें. तुमीच हिका शिकयलें."

"मी तिला काही शिकवले नाही. ती फक्त ऐकत होती. घड्याळ बघ, मूर्खा!"

वरच्या पायरीवर शिपाई येऊन उभा राहिला होता. त्याला हसावे की हाक मारावी हे कळत नव्हते. "दोन मिनटां हां," तो म्हणाला. "अधिकारी बाई दार लावंक उठल्या."

आता सबंध पेठ ओरडू लागली. "चडा! पात्रांव, चडा!" ज्यांनी सकाळी त्याला पायरी लागू देऊ नये म्हणून रुकार दिला होता, तेच आता त्याला पायरीवर ढकलायला हात पुढे करीत होते, आणि गोकुळदास ते हात झटकून टाकीत होता, कारण त्याचा मुख्य प्रश्न अद्याप विचारून झाला नव्हता.

"सगळी मोडली? का मदलीच?"

"माणूस वता तितली. अठराय पावलां न्हय, तीन पावलां मोडली."

"आनी चिरे? चिऱ्यांचें कितें केलें? फोडले?"

"ना."

"खरें सांग. धाकू घण घालता. तो चिरो सारको काडना."

"हांव बाजूक उबी राविल्लीं. एकूय फुटूंक ना. सगळे अख्खे काडून कुंपणाक लावन दवरल्यात."

"सगळे?"

"सगळे."

गोकुळदासाने दीर्घ श्वास सोडला. सकाळी आठपासून छातीवर धरून ठेवलेले काहीतरी त्या श्वासाबरोबर बाहेर पडले. त्याच्या गेरूच्या रंगाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान पसरले, आणि बायकोच्या शहाणपणाबद्दल त्याच्या मनात खरीखुरी कृतज्ञता दाटून आली.

"बरें केलें," तो म्हणाला. "भिंतीक परते लावंक मेळटले."

घड्याळाचे टोले याच वेळी पडू लागले. तिसरा पडला तेव्हा काकांनी काठी खाली टेकली. वर खोलीच्या दाराला आतून कडी लागली. गोकुळदास अजूनही हसत होता. त्याचा उजवा पाय पायरीपासून दोन वीत अंतरावर होता, आणि त्या पायाला आता तिथे जाण्यापासून अडवणारे कोणीही नव्हते.